मजुरी ठरते कुठं?

धान कापून झालं की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी एकच प्रश्न असतो, आता काम कुठं? कोणी तेलंगणात मिरची तोडायला निघतं, कोणी मुकादमाच्या फोनची वाट बघतं.

काम शोधणं फुकट होत नाही. एसटीचं भाडं जातं, दिवस बुडतो, लेकरं शेजारी ठेवावी लागतात. घरातला तांदूळ संपत आला की बाई मिळेल त्या रोजीला हो म्हणते. काम देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. "नको तर नको, दुसऱ्या येतील," हे आम्ही गटाच्या बैठकीत किती वेळा ऐकलं! गावात जितक्या बाया बसून, तितकी ही धमकी खरी.

ही धमकी मोडायचा एक मोठा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला 'मागेल त्याला काम' हा प्रयोग सुरू केला. पुढं 1972 चा दुष्काळ पडला. लाखो माणसं खडी फोडायला, माती वाहायला आली, त्यात बाया खूप होत्या. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो 1982 मध्ये झाला. बाई-पुरुष दोघांना एकच दर, आणि काम दिलं नाही तर दिवसाला किमान एक रुपया भत्ता. एक रुपया म्हणजे काहीच नाही, हे आम्हालाही कळतं. पण सरकारी काम जवळ सुरू असलं की शेतमालकालाही रोजी वाढवून बोलावं लागतं, कारण बाईला जायला दुसरी जागा असते. मजुरी ठरते ती तिथं.

मग 1988 मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन वाढलं, आणि त्याबरोबर हमीच्या कामाची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. आनंदाचीच गोष्ट. पण पुढं अभ्यासकांनी सरकारी आकडे तपासले, तेव्हा दिसलं की त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासं झालं. दर चांगला, म्हणून मागणारे जास्त, आणि कामं मात्र त्या मानानं निघाली नाहीत. कागदावरचा दर कितीही असो, काम निघालं नाही तर मुकादमाचाच भाव चालतो.

2006 च्या फेब्रुवारीत केंद्राची रोजगार हमी आली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात आपले दोन्ही जिल्हे होते. मागणीनंतर 15 दिवसांत काम, नाही तर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा भत्ता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं दुसरी वाट काढली. 2009 मध्ये ग्रामसभेला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतः बांबू विकू लागलं. गावाचं काम गावातच.

आमच्या गटातल्या काही जणींनी एका वर्षी हमीचं काम मागितलं, पण तोंडी. अर्ज नाही, तारखेची पोच नाही. महिना गेला. भत्ता मागायला गेल्या तर विचारलं, "मागणी केल्याचा कागद कुठं?" मग त्या मिरचीला गेल्या, मुकादमानं सांगितलेल्या भावात. पुढच्या वर्षी सगळ्यांचे अर्ज आम्ही बैठकीतच भरले आणि पोच गटाच्या पेटीत, पासबुकांबरोबर ठेवली.