डोंगरीची भिंत

"नीट वाग, नाहीतर डोंगरीला पाठवीन!" मुंबईच्या चाळीत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हा दम ऐकला असेल. डोंगरी म्हणजे रिमांड होम, एवढेच तेव्हा आपल्याला ठाऊक. पण मराठी माणसाचे या वास्तूशी नाते त्याहून जुने आहे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले, तो डोंगरीचा तुरुंग हाच. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

तुरुंगाच्या जागी मुलांचे निरीक्षणगृह आले, त्यामागे मोठा इतिहास आहे. किरकोळ गुन्हा केलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलाला कोठडीऐवजी कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवावे, अशी सोय १८५० च्या कायद्याने केली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून त्यांच्याच नावाची सुधारशाळा उभी राहिली. पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. मूळचे बगदादचे हे ज्यू व्यापारी आपल्याच आखातावरच्या बुशहर बंदरमार्गे मुंबईला आले होते!

१९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा झाला. मुलांसाठी वेगळे न्यायालय आणि घरी ठेवून देखरेख या कल्पना त्यातून रुजल्या. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीच्या कामाला घडी बसली.

तरीही देशभर अनेक मुले मोठ्यांच्या तुरुंगात खितपत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे न्यायालयाने १९८६ मध्ये बजावले. त्याच वर्षी देशासाठी एकच बाल न्याय कायदा झाला. २००० च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांसाठी वयोमर्यादा १८ केली. २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर संताप उसळला आणि २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट मोकळी केली.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. चालकाचे वय १७. जामिनाची एक अट होती ३०० शब्दांचा निबंध! महाराष्ट्र खवळला, आणि ते स्वाभाविकच होते. पुढे मुलाला निरीक्षणगृहात धाडले गेले, तर जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख हे मार्ग कायद्यात आहेतच. पण ते खरे ठरतात केव्हा? मुलाला आपल्या कृत्याने कोणाचे घर उजाडले हे कळते तेव्हा, आणि श्रीमंताच्या मुलाला मिळणारी सवलत फुटपाथवरच्या मुलालाही मिळते तेव्हा. ज्याला सोडवायला कोणी येत नाही, त्याच्यासाठी कायद्यातली दया कागदावरच राहते.

आपण राहतो त्या अमिरातीतही १९७६ पासून अल्पवयीनांसाठी वेगळा संघीय कायदा होता. २०२२ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. म्हणजे मुलाला मोठ्यांच्या मापाने मोजू नये, हा विचार काही एका देशाची मिरास नाही.

आम्ही संगणकवाले चूक सापडली की आधी ती कुठून आली ते शोधतो. मुलांच्या बाबतीत हा शोध बहुधा आपल्याच घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. गाडीची किल्ली त्याच्या हाती कोणी दिली? म्हणून मुलांना डोंगरीची भीती घालण्यापेक्षा डोंगरीचा इतिहास सांगू या. दीडशे वर्षांहून अधिक काळ खपून शहाण्या माणसांनी मुलांसाठी तुरुंगाला पर्याय उभा केला. तो टिकवायचा तर त्यात गरिबाच्या मुलालाही जागा हवी आणि बळी गेलेल्यांच्या आईवडिलांनाही न्याय हवा.