व्यसन, छावणी आणि शाळा

व्यसनाचा विचार करतांना आपण बहुधा दोनच गोष्टी पाहतों : विष आणि तें घेणारा मनुष्य. एकाला उग्र व दुसऱ्याला दुर्बल ठरविलें कीं आपलें समाधान होतें. परंतु तिसरीही एक गोष्ट असते. ती भोंवतालची परिस्थिति. तिचें बळ केवढें असतें याचा दाखला व्हिएतनाम युद्धाच्या इतिहासांत मिळतो, म्हणून तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

१९७१ च्या मे महिन्यांत अमेरिकन कायदेमंडळाचे दोन सभासद, स्टील व मर्फी, यांनीं असा अहवाल दिला कीं, व्हिएतनामांतील अमेरिकन शिपायांपैकीं शेंकडा १० ते १५ हेरॉइन या अफूजन्य विषाच्या आहारीं गेले आहेत. देशभर धास्ती पसरली. हे तरुण परत आले म्हणजे गांवोगांवीं काय होईल? जूनमध्यें अध्यक्ष निक्सन यांनीं व्यसननिवारणाचें खास कार्यालय स्थापून तें डॉ. जेरोम जॅफी यांच्याकडे सोंपविलें. परतणाऱ्या शिपायांची मूत्रपरीक्षा होऊं लागली. ज्याच्या परीक्षेंत विष सांपडे, त्याला तें उतरेपर्यंत तेथेंच ठेवून घेत.

पुढें समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनीं त्या सप्टेंबरांत परतलेल्या सुमारें ९०० शिपायांची चौकशी केली. सर्वसाधारण शिपायांपैकीं जवळजवळ पंचमांशांनीं आपण तेथें व्यसनाधीन झालों होतों असें सांगितलें. परंतु अशांपैकीं मायदेशीं पहिल्या वर्षांत पुन्हां त्या फांसांत सांपडले ते शेंकडा ५ च्या सुमारास! पुष्कळांना हा निष्कर्ष प्रथम खराच वाटेना. पण विचार केला तर त्यांत चमत्कार नाहीं. तेथें विष स्वस्त व शुद्ध होतें, मन भयानें आणि कंटाळ्यानें पोखरलेलें होतें, आणि पाहणारें घरचें माणूस कोणी नव्हतें. येथें तीं तिन्ही कारणें पालटलीं.

धाक अगदींच निरुपयोगी, असेंही इतिहास म्हणत नाहीं. अमेरिकन सैन्याच्या १९८० च्या पाहणींत, मागील तीस दिवसांत अंमली पदार्थ घेतल्याचें शेंकडा २७.६ जणांनीं सांगितलें होतें; कडक तपासणी सुरू झाल्यावर १९९२ मध्यें हें प्रमाण ३.४ वर आलें. मात्र छावणीची सत्ता शिपायाच्या निजण्याजेवण्यावर, सोबतीवर आणि नोकरीवरही चालते, हें विसरतां कामा नये.

शाळेची गोष्ट निराळी. १९८३ सालीं लॉस एंजलिस येथें पोलीस व शाळाखातें यांनीं मिळून ‘डेअर’ नांवाचा उपक्रम काढला. गणवेषांतील पोलीस अधिकारी वर्गांत येऊन मुलांना व्यसनाविरुद्ध पाठ देत. तो देशभर लोकप्रिय झाला. परंतु १९९४ मध्यें अनेक पाहण्या एकत्र ताडून पाहतां, मुलांच्या प्रत्यक्ष वर्तनावर त्याचा परिणाम फारच अल्प दिसला. व्याख्यान घटकाभर टिकतें. सोबत दिवसभर असते.

छावणीला जें हुकुमानें साधतें तें शाळेला उपदेशानें साधत नाहीं, याचें कारण आम्हांस येथेंच दिसतें. मुलाच्या दिवसांतले थोडेच तास शाळेचे असतात. बाकीचे घराचे, शेजाराचे आणि मित्रांचे. त्या तासांची चौकशी प्रेमानें करणारें कोणी घरांत असलें, तर शाळेंतील पाठालाही बळ येईल. नसलें, तर केवळ पाठावर विसंबून राहणें हा पालकांनीं आपल्या कर्तव्यांतून काढलेला पळ होय.