यंत्राची मर्यादा आणि मजकुराचा इतिहास

पेशवे दफ्तरातील एखादा कागद वाचावयाचा झाल्यास मोडी जाणणारा माणूस लागतो. तो मिळाला, की उजेड, चष्मा आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर काम भागते. १९९७ साली फ्लॉपीवर साठवलेला मराठी मजकूर वाचावयाचा झाल्यास मात्र माणसाआधी यंत्र लागते, यंत्रावर त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम लागते आणि ती सिस्टीम त्या यंत्रावर चढावी लागते. या 'चढावी लागते'मध्ये किती इतिहास दडलेला आहे, याची कल्पना आम्हांला काही महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हती. साहित्याच्या अभ्यासकाने या तांत्रिक भानगडीत का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

एका अनियतकालिकाचा शेवटचा अंक १९९७ मध्ये जुळवून तयार होता. पैशांअभावी तो छापला गेला नाही. संपादक आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांनी एकोणीस फ्लॉप्यांचा डबा आमच्या स्वाधीन केला. हस्तलिखिते लेखकांना परत गेली होती किंवा गहाळ झाली होती. म्हणजे त्या अंकाची जगातील एकमेव प्रत त्या डब्यात होती. फाइली पेजमेकरच्या जुन्या आवृत्तीतल्या, अक्षरे एका मराठी टंकसंचातली, आणि दोन्ही विंडोज ९५ वर चालणारी. तेव्हा विंडोज ९५ चालणारा संगणक उभा करणे हे पहिले काम ठरले.

आम्हांला वाटले, जुनी सिस्टीम म्हणजे लहान सिस्टीम. मोठ्या यंत्रावर ती सहज बसेल. लहान पोथी मोठ्या कपाटात बसते, तशी. आमच्याजवळ २.४ गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम ४ प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी असलेला संगणक होता. विंडोज ९५ ची किमान अपेक्षा ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी एवढीच. ८ एमबी असल्यास उत्तम. म्हणजे गरजेच्या अडीचशेपट मेमरी आमच्या हाताशी होती. तरीही सिस्टीम सुरू होता होता कोसळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. दोष कोणाचाच नव्हता. जुनी सिस्टीम आपल्या काळाचा अंदाज बरोबर घेऊन जन्मली होती. आम्ही तिला परक्या काळात आणून बसवले होते.

हा अंदाज काय असतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातील इंटेल ८०८८ या प्रोसेसरला पत्ते सांगण्यासाठी वीस तारा होत्या. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते बनतात, म्हणजे एक एमबी. त्यातील वरचा ३८४ केबीचा भाग रचनाकारांनी पडदा आणि यंत्रातील कायमच्या आज्ञा यांसाठी राखून ठेवला. कार्यक्रमांसाठी ६४० केबी उरले. पुढे दहा-पंधरा वर्षे हा आकडा संगणक वापरणाऱ्यांच्या कपाळी लिहिल्यासारखा राहिला. एवढी मेमरी कोणालाही पुरेल, अशा अर्थाचे एक वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर खपवले जाते. ते आपले असल्याचे त्यांनी नाकारलेले आहे. साहित्याच्या भाषेत तो प्रक्षिप्त भाग होय. वस्तुस्थिती अशी, की सर्वांत साधा आयबीएम पीसी त्या वेळी १६ केबी मेमरीसह विकला जात होता. त्याच्या चाळीसपट जागा सोडणाऱ्याला अदूरदर्शी म्हणणे अन्यायाचे ठरेल. मर्यादा घालताना बहुधा कोणालाच ती मर्यादा वाटत नाही. ती ऐसपैस अंगणासारखी वाटते.

हार्ड डिस्कची कथा अधिक बोधप्रद आहे. डिस्कवरील जागेचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगितला जाई. संगणकाच्या बायॉसमध्ये १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर एवढी सोय होती. डिस्कच्या बाजूच्या नियमात सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, पण हेड फक्त १६. प्रत्येक नियम आपापल्या जागी उदार होता. एक दार उंच पण अरुंद, दुसरे रुंद पण बुटके. दोन्हींतून जाऊ शकेल तेवढाच पेटारा घरात येणार. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट यांचा गुणाकार केला, की ५०४ एमबी भरतात. नव्वदच्या दशकाच्या आरंभी डिस्का या उंबरठ्याला येऊन अडल्या. तो ओलांडल्यावर ८.४ जीबीचा उंबरठा आला, काही बायॉसमध्ये ३२ जीबीचा आला, नंतर १३७ जीबीचा आला. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीची फॅट१६ ही फाइलव्यवस्था एका भागात २ जीबीहून अधिक जागा ओळखत नसे. फॅट३२ ची सोय १९९६ मधील सुधारित आवृत्तीत आली.

या सर्व खालून येणाऱ्या मर्यादा झाल्या : यंत्र अपुरे, वापरणाऱ्याची भूक मोठी. आम्ही आपटलो होतो ते वरून येणाऱ्या मर्यादेवर. तिची मौज अशी, की ती घालणाऱ्याने मुळी घातलेलीच नव्हती.

जुन्या आज्ञावल्यांना यंत्राचा वेग जाणून घ्यावा लागे, कारण एखादे उपकरण तयार होईपर्यंत किती थांबावे हे त्यावरून ठरे. त्यासाठी सुरुवातीलाच काही ठरावीक आवर्तने फिरवून किती वेळ गेला ते मोजायचे आणि त्या वेळाने भागायचे, अशी एक युक्ती होती. प्रोसेसर फार वेगवान निघाला, की गेलेला वेळ शून्य भरतो आणि यंत्रावर शून्याने भागण्याची पाळी येते. १९९८ मध्ये एएमडीचे ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढील वेगाचे के६-२ प्रोसेसर आले, तेव्हा तीन वर्षे वयाची विंडोज ९५ त्यांच्यावर अशाच कारणाने अडखळू लागली आणि त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. पुढे २.१ गिगाहर्ट्झपलीकडच्या प्रोसेसरवर तिच्या नेटवर्कविषयक भागात हाच घोटाळा पुन्हा उद्भवला. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक कार्यक्रमही वेगवान यंत्रांवर भागाकाराच्या अशाच चुकीने बंद पडत.

मेमरीचेही तेच. विंडोज ९८ वर ५१२ एमबीहून अधिक मेमरी बसवली, तर 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश येऊ शकतो. हा विनोद नव्हे. फाइली हाताशी ठेवण्यासाठी सिस्टीम जी जागा राखते, ती उपलब्ध मेमरीच्या प्रमाणात फुगते आणि इतर कामांसाठी लागणारे पत्तेच खाऊन टाकते. साठवणुकीची खोली एवढी वाढवावी, की घरात उभे राहायला जागा उरू नये, त्यातला हा प्रकार.

हे उमगल्यावर आम्ही वेगवान संगणकाचा नाद सोडला आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम संगणक आणला. मेमरी ३२ एमबी. त्याची डिस्क मेलेली होती, म्हणून घरातली ४० जीबीची जोडली. तर डिस्क ओळखताना बायॉस तेथेच गोठला. हा तो ३२ जीबीचा उंबरठा. अशा अनेक डिस्कांवर एक बारीक पिन असते. तिच्यावरची टोपी हलवली, की डिस्क आपली क्षमता ३२ जीबीच असल्याचे सांगते. डिस्कला खोटे बोलावयास लावून आम्ही पुढे सरकलो. त्यातल्याही ८ जीबीपलीकडचे बायॉसला दिसेना आणि विंडोज ९५ ने त्यातले २ जीबी पदरात घेतले. ४० जीबीच्या वाड्यातील एका खोलीत आमचा संसार थाटला गेला. पण सिस्टीम चढली आणि चालली.

आता मराठीकडे वळू. कारण या मर्यादांचे सर्वांत खोल ठसे आपल्या लिपीवर उमटलेले आहेत.

आयआयटी कानपूर येथे ऐंशीच्या दशकात विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने संगणकात बसवले जाई. डॉसवर चालणारे इंग्रजी कार्यक्रम त्यामुळे भारतीय लिप्या दाखवू लागले. मूळ सिस्टीमला देवनागरीचा गंध नव्हता. लिपी अक्षरशः बाहेरून खोचलेली होती. ते कार्ड ज्या आयएसए खाचेत बसे, ती खाच १९९९ नंतरच्या मदरबोर्डांवरून हळूहळू नाहीशी झाली. खाच गेली, की कार्ड निरुपयोगी. कार्ड निरुपयोगी, की त्या कार्यक्रमांत देवनागरी दिसण्याचा मूळ मार्ग बंद. एका जोडणीच्या निवृत्तीने एक लिपी मुकी होऊ शकते, हे आपल्या वाङ्मयेतिहासात कोठेही नोंदलेले नाही.

विंडोजच्या काळात कार्डाची जागा टंकांनी घेतली. पण या टंकांत जास्तीत जास्त २५६ घरे, आणि त्यातील काही आधीच राखीव. तेवढ्यात स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे बसवायची. प्रत्येक निर्मात्याने आपल्या सोयीने घरे वाटली, त्यामुळे एका टंकातील 'क' दुसऱ्या टंकात भलतेच चिन्ह होई. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, १९९१ चेच आयएस १३१९४ हे भारतीय मानकही होते. परंतु विंडोजमध्ये युनिकोड मराठी खऱ्या अर्थाने आली ती विंडोज २००० बरोबर. मधल्या दशकातील मराठी प्रबंध, दिवाळी अंक आणि अनियतकालिके यांतील फार मोठा भाग या खाजगी घरवाटपात कोंडलेला आहे. शिवाय अनेक मराठी आज्ञावल्यांबरोबर प्रिंटरच्या जोडणीत खोचायचे एक कुलूप येई. ते हरवले, की आज्ञावली उघडत नसे. आमच्या संपादकांचेही कुलूप सापडले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आज नव्या संगणकावर जुन्या संगणकाचे सोंग वठवणाऱ्या आज्ञावल्या आहेत. मग बाजारात भटकायचे कशाला? आक्षेप रास्त आहे. जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५ मध्येच हा मार्ग सुचवला होता. सलमान रश्दी यांचे जुने मॅकिंटॉश संगणक अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाकडे आले, तेव्हा त्यांतील एका संगणकाचे असेच सोंग उभे करून २०१० मध्ये ते अभ्यासकांना खुले केले गेले. त्याच्यासमोर बसून वाचक लेखकाच्या मेजावरची मांडणी पाहू शकतो. परंतु सोंग घेण्यासाठीही मूळ पात्र ठाऊक असावे लागते. किती वेग, किती मेमरी, कोणती आवृत्ती, कोणता टंक, हे कोणीतरी सांगावे लागते. म्हणून या मर्यादा ठाऊक असणे हा पाठचिकित्सेचाच भाग होय.

आमच्या बाबतीत ते सांगणाऱ्या बाई भेटल्या. त्या अंकाची अक्षरजुळणी त्यांनीच केली होती. एकोणीसपैकी चौदा फ्लॉप्या वाचल्या गेल्या. पाचांवरील मजकूर गेला. पेजमेकरची जुनी तबकडी बाईंकडेच निघाली. फाइली उघडल्या, पण पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा कचरा दिसत होता. आमच्याजवळचा टंक लावला, तरी अर्धी अक्षरे चुकीची. बाईंनी चष्मा लावला, टंक काढून टाकावयास सांगितले आणि तो कचराच वाचू लागल्या. "सर, हा तो फॉन्ट नाहीच. ह्याच्या आधीचा आहे. 'वाऱ्या'तला र बघा ना, तो वेगळ्या घरात आहे." त्यांच्या जुन्या संचात तो आधीचा टंक होता. कुलूप लिहिण्याच्या आज्ञावलीला होते, टंकाला नव्हते. टंक बसवला आणि पान लागले.

त्या अंकातील मजकुराविषयी स्वतंत्रपणे लिहू. येथे इतकेच नमूद करतो, की चौदा फ्लॉप्यांवरून दोन दीर्घकथा, एक अपूर्ण मुलाखत आणि संपादकीय हाती आले आहे. कवितांचे पान गेलेल्या पाचांत होते. ते कोणाकडे छापील खर्ड्यात असेल, तर आम्हांला हवे आहे.

मोडी वाचणारे विरळा होत चालल्याची हळहळ आपण नेहमी ऐकतो. १९९० नंतरच्या दीड दशकातील मराठी मजकूर वाचणारेही विरळा होत आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी वर्ग चालवत नाही. प्रबंध, अंक किंवा पुस्तकाची टंकलिखित फाइल ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी निदान एक चिठ्ठी तरी तिच्यासोबत ठेवावी : कोणती सिस्टीम, कोणती आज्ञावली, कोणता टंक, जुळणी कोणी केली. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, स्थळ आणि शक लिहून ठेवीत असे. आपण ती चाल उगाच सोडली.