उजव्या हाताचे पुढे काय झाले?

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ शिकवायला घेतले की पहिल्याच तासाला आम्ही एक हकिकत सांगतो. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे उजवे अंग लुळे पडले. मुंबईत ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाल्याला (११ मे १८८८) तेव्हा जेमतेम दोन महिने होत होते. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव सावरले, डाव्या हाताने लिहू लागले आणि १८८९ साली त्यांनी हा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्या पश्चात, १८९१ साली. विद्यार्थी ही हकिकत वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत ‘जिद्द’ हा शब्द घालून आम्हांला परत करतात.

मेहरूणहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र वेगळेच विचारले : ‘‘आणि उजव्या हाताचं पुढं काय झालं?’’ तिच्या घरी आजोबा वर्षभर अंथरुणाला होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. मेंदूविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. पण प्रश्न नीट पाहिला तर तो एका व्यक्तीच्या हातापुरता राहत नाही. निकामी झालेल्या हाताविषयी १८८८ साली माणसांना काय ठाऊक होते आणि पुढच्या शतकात ते ज्ञान कसे बदलले, या इतिहासाचा तो प्रश्न आहे.

प्रारंभ शब्दांपासून करू. मराठीत ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. हा वारा केवळ कविकल्पना नव्हे. चरकसंहितेत या विकाराचा विचार वातव्याधींमध्ये ‘पक्षवध’ या नावाने येतो. सुश्रुतसंहितेत ‘पक्षाघात’ हा शब्द आहे. वात म्हणजेच वारा. शास्त्रकारांचा सिद्धांत बोलीत मुरला आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या तोंडी तो वाक्प्रचार होऊन राहिला. इंग्रजीतल्या ‘स्ट्रोक’चा मूळ अर्थ तडाखा, आणि तो मारणारा हात देवाचा, अशी जुनी समजूत. दोन्हीकडे व्याधी बाहेरून येते : एकीकडे वारा, दुसरीकडे देव. बाहेरून आलेल्या गोष्टीपुढे माणसाने स्वतः काय करायचे, याचे उत्तर या शब्दांत नाही. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले, की झटक्याचे कारण मेंदूत झालेल्या रक्तस्रावात सापडते. वारा मेंदूत शिरला म्हणायचा. पण म्हणून हात परत येण्याची आशा वाढली असे झाले नाही.

जोतीराव आजारी पडले तो काळ मेंदूविज्ञानात मोठ्या उत्साहाचा होता. १८७० साली बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिट्श आणि एदुआर्द हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूच्या विशिष्ट जागी सौम्य विद्युत्प्रवाह दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. प्रयोगशाळा उपलब्ध नसल्याने हे काम हिट्झिगच्या घरातल्या टेबलावर झाले. त्यानंतर मेंदूचे नकाशे निघू लागले : येथे हात, येथे पाय, येथे चेहरा. ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत दोन प्राणी समोरासमोर आले. डेव्हिड फेरियर याने एक माकड आणले होते. त्याच्या मेंदूतील हालचालीचा एका बाजूचा भाग काढलेला होता आणि विरुद्ध बाजूचे हातपाय निकामी झाले होते. ते लंगडत आले तेव्हा पॅरिसचे प्रख्यात चेतातज्ज्ञ शार्को यांना आपल्या रुग्णालयातला रोगीच समोर उभा राहिल्यासारखे वाटले. फ्रीड्रिश गोल्ट्झ याने आणलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा बराच भाग काढला होता, तरी ते चालत होते.

परिषदेचा कौल माकडाच्या बाजूने गेला आणि तो योग्यच होता. मेंदूत कामांची वाटणी आहे हे खरे ठरले. पण त्याबरोबर एक न मांडलेला निष्कर्षही रुजला : नकाशावरचे गाव जळाले की ते गेले. गोल्ट्झचे कुत्रे चालत होते, या गोष्टीचे पुढे काय करायचे हा प्रश्न मागे पडला. पुढे सान्तियागो रामोन इ काहाल या थोर स्पॅनिश संशोधकाने १९१३-१४ साली चेतासंस्थेच्या ऱ्हासावर आणि पुनर्जननावर ग्रंथ लिहिला. प्रौढ मेंदूत नवी वाढ होत नाही, हा समज त्या ग्रंथाच्या अधिकारावर अनेक दशके टिकला. भविष्यातील विज्ञानाने हा निवाडा फिरवावा अशी आशा काहालने स्वतः व्यक्त केली होती, तिचा मात्र फारसा उल्लेख होत नसे.

या पार्श्वभूमीवर जोतीरावांचा डावा हात पाहिला पाहिजे. साठी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यभर न लिहिलेल्या हाताने लिहायचे, तेही डावीकडून उजवीकडे. डावा हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो, शाई ओली असेल तर फासली जाते. ग्रंथ प्रश्नोत्तरांचा आहे. हात लवकर दमत असल्याने त्यांनी लहान लहान तुकड्यांचा हा घाट निवडला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘गुलामगिरी’ (१८७३) हाही संवादच आहे, आणि तेव्हा उजवा हात धडधाकट होता. आजारातून शैली काढून दाखवण्याची ही रीत समीक्षेत फार सोकावली आहे. आणखी एक बाब नोंदवण्याजोगी आहे. उजवे अंग जाते तेव्हा इजा बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि बहुसंख्य माणसांत भाषेचे केंद्रही तिकडेच असते. उजव्या बाजूच्या पक्षाघातात म्हणूनच पुष्कळांची वाचाही जाते. हात गेला पण भाषा राहिली, म्हणून हा ग्रंथ आपल्या हाती आहे.

त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत डावा हात हाच शहाणपणाचा मार्ग होता. प्रश्न पुढचा आहे. चांगला हात तत्पर असेल, तर वाईट हाताचे काय होते?

१८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हाताकडून येणाऱ्या संवेदनांचे तंतू कापले. हात हलवणारे तंतू शाबूत होते, तरीही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. १९१७ साली रॉबर्ट ऑग्डेन आणि शेफर्ड आयव्हरी फ्रांझ यांनी त्याहून सूचक प्रयोग केला. मेंदूला इजा करून माकडांचे एक अंग लुळे पाडले. ज्यांना तसेच सोडले, ती लुळीच राहिली. ज्यांचा चांगला हात बांधून लुळ्या हाताकडून काम करून घेतले, त्यांची हालचाल पुष्कळशी परतली. विसाव्या शतकातील रुग्णांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग क्वचितच झाला असेल. पण तो दवाखान्यापर्यंत पोहोचला नाही. नकाशा पक्का आहे अशी श्रद्धा असल्यावर त्याविरुद्धचा पुरावा कपाटात पडून राहतो. वाङ्मयाच्या इतिहासातही आपण हेच पाहत आलो आहोत.

पुढे एडवर्ड टॉब याने हा धागा उचलला. झटक्यानंतर आरंभी हात खरोखरच हलत नाही. प्रयत्न फसतात, वस्तू पडतात, दुसऱ्या हाताने मात्र काम होते. काही आठवड्यांनी मेंदूची सूज उतरते, इजेच्या भोवतीचा बधिर झालेला भाग जागा होतो, आणि हात थोडाफार हलू शकण्याच्या स्थितीत येतो. पण तोवर न वापरण्याची सवय जडलेली असते. टॉबने याला शिकलेला अ-वापर मानले. या ज्ञानाची किंमत प्राण्यांनी मोजली. १९८१ साली अमेरिकेत त्याच्या प्रयोगशाळेतील माकडे पोलिसांनी ताब्यात घेतली आणि ते प्रकरण न्यायालयात दीर्घकाळ गाजले. ही बाजू वगळून हा इतिहास सांगू नये.

दरम्यान, १९५९ साली, पेद्रो बाख-इ-रिता या कातालान कवीला झटका आला. ते न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक होते. शिकवणारा माणूस बोलेनासा झाला, एक बाजू गेली. मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकशास्त्र शिकत होता; त्याने वडिलांना तेथे नेले आणि लहान मूल शिकते त्या क्रमाने, आधी भिंतीच्या आधाराने रांगायला, मग उभे राहायला लावले. कमकुवत हाताने भांडी घासायची, एका दिशेने गोल, मग उलट. शेजाऱ्यांना हा छळ वाटे. सुमारे वर्षभरात पेद्रो पुन्हा शिकवू लागले. काही वर्षांनी डोंगर चढताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा शवविच्छेदनात दिसले, की मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंचा नाश झालेला होता तो झालेलाच होता. इजा बरी झाली नव्हती. उरलेल्या तंतूंनी काम वाटून घेतले होते. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या याच लवचीकतेचा संशोधक झाला.

१९९६ साली रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी हे माकडांच्या मेंदूत प्रत्यक्ष दाखवले. हाताच्या क्षेत्रात लहानशी इजा केल्यावर सराव न मिळालेल्या माकडांत शेजारचा शाबूत भागही हाताचे काम सोडू लागला. खड्ड्यांतून खाऊचे कण बोटांनी वेचायला लावलेल्या माकडांत तो टिकला. माणसांवरचा मोठा पुरावा २००६ साली आला. अमेरिकेतील या अभ्यासात झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. त्यांतील एका गटाचा चांगला हात दोन आठवडे दिवसभर मोज्यात बंद ठेवला आणि दुसऱ्या हाताकडून तासन्‌तास कामे करून घेतली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटाचा हात अधिक चांगला वापरात आला.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. या पद्धतीला मनगट आणि बोटे थोडी तरी हलणे आवश्यक असते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर ती मंदावते, थांबतेच असे नाही. घाईचाही उपयोग नाही : झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवण्याचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात निष्पत्ती उलट थोडी वाईट दिसली. ज्याचा हात परत येत नाही त्याची जिद्द कमी पडली, असे म्हणणे क्रूर आणि अशास्त्रीय आहे. परीक्षेतल्या उत्तरांतला ‘जिद्द’ हा शब्द आम्हांला म्हणूनच खटकतो.

आता मेहरूण. खानदेशात, आणि खानदेशातच असे नव्हे, लकवा आला की पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्ला आजही कुणी ना कुणी देतो. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णाला साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ते तास पारवा शोधण्यात जातात. त्यानंतर सुरू होते ती माया. सून घास भरवते, नातू सदऱ्याची बटणे लावतो, पाण्याचा तांब्या चांगल्या हाताच्या बाजूला ठेवला जातो. आजाऱ्याला हात लावू द्यायचा नाही, हे आपल्याकडे सेवेचे लक्षण. त्या विद्यार्थिनीच्या घरीही असेच चालले होते. तिला आम्ही ऑग्डेन-फ्रांझची माकडे सांगितली. भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारल्यावाचून काही करू नये, हेही सांगितले. पुढच्या महिन्यात तिने कळवले, की तज्ज्ञांनी तांब्या उजव्या बाजूला ठेवायला सांगितला आहे आणि रोज संध्याकाळी परातभर बोरे आजोबांपुढे ठेवून उजव्या हाताने एकेक टोपलीत टाकायला लावतात. मेहरूणची बोरे लहान आणि गुळगुळीत, चिमटीतून निसटतात. आजोबा चिडतात, डावा हात पुढे करतात, आणि आजी तो धरून ठेवते.