पुलाचे खांब आणि जहाजाची धडक

आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि शहागडाजवळ तिच्यावर मोठा पूल आहे. तेथें समुद्रांतील जहाज कधींच येत नाहीं. तेव्हां जहाजांच्या धडकेपासून पुलांचें रक्षण कसें करावें, हा विचार आम्हीं कशाला करावा, असें कोणी विचारील. परंतु या प्रश्नाचा इतिहास आपणांसही उपयोगी आहे.

कलकत्त्यास हुगळीवर पाँटूनांचा तरता पूल बांधला जात असतां, १८७४ च्या मार्चमध्यें 'इजेरिया' ही आगबोट त्यावर आदळली. तीन पाँटून बुडाले व सुमारें २०० फूट पूल मोडला. पुढें जहाजांचें आकारमान वाढत गेलें, तसें संकटही वाढलें. १९७५ सालीं टास्मानियांतील होबार्ट येथें 'लेक इलावारा' जहाजाच्या धडकेनें टास्मान पुलाचा भाग कोसळला आणि १२ माणसें दगावलीं. १९८० सालीं फ्लॉरिडांत, ऐन वादळांत, 'समिट व्हेंचर' जहाज सनशाइन स्कायवे पुलावर आदळलें व ३५ जणांचा अंत झाला.

पुलाचा खांब वरून येणारा उभा भार निमूटपणें सोसतो. मालानें भरलेल्या जहाजाचा आडवा धक्का मात्र त्यास मोडून टाकतो. म्हणून खांबांभोंवतीं दगडांचीं बेटें रचतात, किंवा त्यांच्यापुढें स्वतंत्र बुरूज उभारतात. भरकटलेलें जहाज तेथेंच रुततें अथवा अडतें. १९८७ सालीं खुल्या झालेल्या नव्या स्कायवे पुलास अशींच संरक्षणें दिलीं आहेत. पुढें अमेरिकेंत नव्या पुलांसाठीं सक्तीचे नियम झाले. जुन्यांची तपासणी मात्र ऐच्छिक राहिली.

तिचें फळ बाल्टिमोरनें भोगलें. तेथील १९७७ चा 'फ्रान्सिस स्कॉट की' पूल १९८० सालीं एका लहान जहाजाच्या धडकेंतून बचावला होता. पण २६ मार्च २०२४ च्या रात्रीं, वीज बंद पडलेलें प्रचंड 'डाली' जहाज खांबावर आदळलें आणि पूल क्षणांत कोसळला. जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते. संकटाची सूचना मिळतांच पोलिसांनीं वाहतूक थोपविली. परंतु पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा मजूर प्राणांस मुकले. पुढें, मार्च २०२५ मध्यें, तेथील सुरक्षा मंडळानें ६८ जुन्या पुलांची तपासणी करण्यास सांगितलें.

आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ रोजीं महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल महापुरांत वाहून गेला. तेथें जहाज नव्हतें, तरी बोध एकच आहे. पुराबरोबर वाहत येणारीं उन्मळलेलीं झाडें गोदावरीच्या खांबांवरही आदळतात, आणि तरंगत्या वस्तूंचा आघात हिशेबांत घ्यावा, असें आपले पूलनियमही सांगतात. नवा पूल बांधण्याइतकेंच, उभ्या असलेल्या पुलाची वेळेवर परीक्षा करून त्यास बळ देणें, हें शहाण्या समाजाचें कर्तव्य आहे.