आठ रांगांत न मावलेली अक्षरे

#थ्रेड
संगणक विकत घेताना साधा पडदा घ्यावा की अधिक सूक्ष्म, अधिक महाग पडदा घ्यावा, हा प्रश्न आजच्या काळाचा वाटतो. वस्तुतः वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या दिवसापासून तो ग्राहकापुढे उभा आहे. त्या वेळी त्याच्या उत्तरावर केवळ डोळ्यांचे सुख अवलंबून नव्हते. कोणत्या भाषेची लिपी पडद्यावर उमटणार आणि कोणती उमटणारच नाही, हेही त्यातच ठरत होते.

१/
१२ ऑगस्ट १९८१. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत होती १,५६५ डॉलर. या किमतीत मॉनिटर नव्हता! घरचा दूरचित्रवाणी संच जोडून काम भागवावे, अशी अपेक्षा होती. ज्यांना खरे कार्यालयीन काम करायचे होते, त्यांच्यासमोर दोन कार्डे ठेवलेली होती, आणि त्यांतून एक निवडणे भाग होते.

२/
पहिले कार्ड एमडीए, म्हणजे मोनोक्रोम डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. ८० अक्षरांच्या २५ ओळी. प्रत्येक अक्षराला ९ बिंदू रुंद आणि १४ बिंदू उंच असा चौकोन. गुणाकार केला की ७२० गुणिले ३५० बिंदू होतात. १९८१च्या मानाने हा पडदा अतिशय रेखीव होता, आणि तासन्‌तास पत्रे टंकणाऱ्या माणसाला तो सुसह्य वाटे.

३/
दुसरे कार्ड सीजीए, म्हणजे कलर ग्राफिक्स अ‍ॅडॉप्टर. यात रंग होते, रेषा काढता येत, खेळ खेळता येत. ३२० गुणिले २०० बिंदूंवर एका वेळी चार रंग, किंवा ६४० गुणिले २०० बिंदूंवर दोन. अक्षराचा चौकोन मात्र ८ गुणिले ८ इतकाच. अक्षरे दातेरी दिसत, आणि मजकूर वेगाने बदलू लागला की पडद्यावर पांढरे ठिपके बर्फासारखे भुरभुरत.

४/
उंचीला २०० हा आकडा आला तो दूरचित्रवाणीमुळे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ रेषांचे, आणि ते दोन फेऱ्यांत अर्धे अर्धे रेखाटले जाई. एका फेरीत २६२च्या आसपास रेषा. त्यांतल्या काही वर-खाली दडलेल्या. उरलेल्या जागेत २५ ओळी बसवायच्या, तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला आठच रांगा येतात. साध्या पडद्याची ‘साधी’ पातळी अशी घरोघरच्या करमणुकीच्या पेटीने आखून दिली होती.

५/
एमडीएने ती चौकट झुगारली. दूरचित्रवाणी तेव्हा सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा काढी, तर एमडीएचा मॉनिटर १८,४३२ काढी. त्यामुळे त्याला स्वतःचा वेगळा मॉनिटर लागे. चित्र सेकंदाला ५० वेळाच ताजे होत असल्याने ते लुकलुकू नये म्हणून काचेवर रेंगाळणारे फॉस्फर वापरले होते. मजकूर वर सरकला की जुन्या अक्षरांची हिरवी सावली क्षणभर मागे राही. दोन्ही कार्डांना मॉनिटर जोडण्याचा सांधा नऊ पिनांचाच होता. घाईत चुकीची जोडी जमवली तर मोनोक्रोम मॉनिटर जळण्याचीही भीती असे.

६/
मग रेखीव पडदा सर्वांनीच का घेतला नाही? कारण एमडीएला चित्र काढताच येत नव्हते. एक रेषासुद्धा नाही, आलेख नाही. त्याला माहीत होती फक्त २५६ चिन्हे, आणि तीही चिपमध्ये कायमची कोरलेली. पडद्यावर जे काही दिसेल ते या २५६ साच्यांतूनच उमटलेले.

७/
या कंजुषीमागे मेमरीचा हिशेब होता. ७२० गुणिले ३५० म्हणजे २,५२,००० बिंदू. प्रत्येक बिंदूसाठी एक बिट ठेवायचा तर जवळजवळ ३१ किलोबाइट मेमरी लागते. सर्वांत स्वस्त संगणकाची सगळी मेमरीच १६ किलोबाइट होती! म्हणून एमडीए बिंदू लक्षात ठेवतच नसे. ‘अमुक जागी अमुक क्रमांकाचे अक्षर’ एवढेच ठेवी. २,००० अक्षरे, प्रत्येकी दोन बाइट. चार किलोबाइटमध्ये काम भागले.

८/
(ज्यांना परवडे ते दोन्ही कार्डे एकाच संगणकात बसवीत. दोघांच्या मेमरीचे पत्ते वेगळे असल्याने ती एकमेकांच्या वाटेत येत नसत. मग टेबलावर दोन मॉनिटर: एकावर आकडे, दुसऱ्यावर आलेख. दोन पडद्यांची हौस अशी मुळीच नवी नाही.)

९/
इंग्रजीपुरते पाहिले तर हा सौदा वाजवी होता. मोठ्या लिपीतले ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत कोणतेही अक्षर सात रांगांत नीट बसते, आठवी रांग ओळींमधले अंतर म्हणून उरते. शिवाय सगळी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि वर युरोपीय भाषांची काही अक्षरे धरूनही २५६चा कोटा पुरतो.

१०/
आता त्याच आठ रांगांत ‘मूर्तींना’ हा शब्द लिहून पाहावा. ‘र्तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिन्ही एकत्र, ‘मू’च्या पायाशी ऊकार. शिरोरेषेला एक रांग. वरच्या चिन्हांना निदान दोन, खालच्यांना दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या तीन. तीन रांगांत ‘प’ आणि ‘ष’ वेगळे कसे दाखवणार? ‘घ’ आणि ‘ध’? ओळींमध्ये अंतर सोडायला तर एकही रांग शिल्लक नाही. एमडीएच्या चौदा रांगांत हेच गणित थोडे सुटसुटीत होते. पण तिथे साचे कोरलेले, आणि देवनागरीचा एकही साचा त्यांत नाही. जिथे नवी अक्षरे काढता येत होती तिथे रांगा कमी, आणि जिथे रांगा होत्या तिथे अक्षरे काढण्याची मुभा नाही.

११/
हाच कोंडमारा थाई लिपीचाही होता. थाई भाषेत ४४ व्यंजने. स्वरचिन्ह कधी व्यंजनाच्या वर, कधी खाली. आणि वरच्या स्वरचिन्हाच्याही वर आणखी एक सूरचिन्ह. चार मजली घरच म्हणावे. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. सीजीएवर अक्षरे मावत नव्हती, एमडीएवर उमटत नव्हती.

१२/
दोन्ही पर्याय निरुपयोगी ठरल्यावर त्यांनी तिसरे कार्ड घडवले. १९८२मध्ये बाजारात आलेले हे हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड. युक्ती सरळ होती: आयबीएमचा तोच हिरवा, रेखीव मॉनिटर वापरायचा, अक्षरांच्या कामात हुबेहूब एमडीएसारखे वागायचे, पण कार्डावर ६४ किलोबाइट मेमरी ठेवून पडद्यावरचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे चालू-बंद करता येईल अशी सोय द्यायची. आता लिपी कोणतीही असो, ती चित्र म्हणून रेखाटता येणार होती.

१३/
हर्क्युलिसचे रेझोल्यूशन ७२० गुणिले ३४८. एमडीएपेक्षा दोन रांगा कमी का? कार्डाची मेमरी रांगांना चार गटांत वाटून घेई. ३५०ला चाराने भाग जात नाही, ३४८ला जातो. एका चित्राला लागणारी ३१,३२० बाइट ३२ किलोबाइटच्या एका पानात आरामात बसत, आणि ६४ किलोबाइटमध्ये अशी दोन पाने मावत.

१४/
किंमत ४९९ डॉलर. प्रबंधासाठी जन्मलेले हे कार्ड गाजले मात्र हिशेबनिसांमुळे. जानेवारी १९८३मध्ये लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट आले आणि त्याने हर्क्युलिसला साथ दिली. रेखीव आकडे आणि त्यांचेच आलेख, दोन्ही एकाच पडद्यावर! दोन मॉनिटरांचा खर्च वाचला. पुढे या कार्डाच्या स्वस्त नकला निघाल्या, आणि भारतातल्या कचेऱ्यांत व संगणकवर्गांतही हर्क्युलिस पद्धतीचे एकरंगी मॉनिटर वर्षानुवर्षे राबले.

१५/
देवनागरीचा मार्ग भारतात निघाला. आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्यासारख्या मंडळींनी १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी संगणकीय तंत्र उभे केले. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, आणि तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते काम तिथे ‘जिस्ट’ या नावाने वाढले. पुण्याचे नाव परम महासंगणकासाठी सर्वांना आठवते. जिस्ट कार्डाचे ऋण त्या मानाने फारसे कुणी उच्चारत नाही, आणि मराठी वाचणाऱ्यांनी तरी ते विसरू नये.

१६/
जिस्ट कार्ड संगणकात बसवले की वर्डस्टार, डीबेस, लोटस असे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही देवनागरीत काम करू लागत. प्रोग्रॅमला वाटे की आपण नेहमीचीच एकेका बाइटची चिन्हे हाताळत आहोत. ती चिन्हे जुळवून, जोडाक्षर बनवून, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेऊन पडद्यावर काढण्याचा सारा खटाटोप कार्ड स्वतः करी. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४चा. कारभार मराठीत व्हावा हे कायद्याने कधीच ठरले होते. पडद्यावर मराठी उमटवण्याची सोय त्यानंतर दोन तपांनी हाती आली.

१७/
या कामातून इस्की ही संकेतप्रणाली पक्की झाली. १९८८चा तिचा आराखडा युनिकोडने देवनागरीसाठी पायाभूत मानला, आणि १९९१मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आज मोबाइलवर मराठी टंकताना ‘क’नंतर ‘ख’ ज्या क्रमांकावर येतो, त्या क्रमाची मुळे तिथे आहेत.

१८/
दरम्यान पडदे सुधारत गेले. १९८४चे ईजीए ६४० गुणिले ३५०, सोळा रंग. एप्रिल १९८७चे व्हीजीए ६४० गुणिले ४८०. अक्षराचा चौकोन सोळा रांगांचा. रंग की रेखीवपणा ही जुनी सक्ती व्हीजीएने संपवली. त्याच वर्षी आयबीएमने १०२४ गुणिले ७६८ देणारे ८५१४/ए हे महागडे कार्डही आणले, म्हणजे ‘साधे’ आणि ‘सूक्ष्म’ ही जोडी एक पायरी वर सरकून पुन्हा हजर झाली.

१९/
१९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लिअरटाइप जाहीर केले. सपाट पडद्यावरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या वेगवेगळ्या उजळून अक्षराची कड अधिक नेमकी दाखवायची, ही कल्पना. रोमन लिपीला फार लाभ झाला, कारण तिचे बारकावे बहुतेक उभ्या दांड्यांत असतात. पण पट्ट्या शेजारी शेजारी असल्याने सूक्ष्मता वाढली ती आडव्या दिशेनेच. देवनागरीची अडचण उभी आहे: मात्रा, शिरोरेषा, अंग, उकार. त्या दिशेला रांगा होत्या तितक्याच राहिल्या. इंग्रजी वाचकाने मिटलेला मानलेला प्रश्न मराठी वाचकासाठी अर्धाच मिटला.

२०/
उभ्या रांगा खऱ्या अर्थाने वाढल्या त्या पुढे. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी अ‍ॅपलने २७ इंची आयमॅक ५के पडद्यासह आणला, आणि १९८१चा प्रश्न जवळजवळ त्याच रूपात दुकानात परतला. साधा २७ इंची: २५६० गुणिले १४४०, किंमत १,७९९ डॉलरपासून. नवा: ५१२० गुणिले २८८०, किंमत २,४९९ डॉलर. बिंदू बरोबर चौपट. सातशे डॉलरचा फरक निव्वळ पडद्याचा मात्र नव्हता. ग्राफिक्स चिप आणि साठवणही वरच्या दर्जाची होती.

२१/
ते अधिक पैसे मोजणाऱ्याला काय मिळत होते? साध्या आयमॅकवर बारा आकाराच्या अक्षराला उभे बाराच बिंदू मिळत. १९८१च्या एमडीएने चौदा दिले होते! करड्या छटांनी कडा मऊ होत, म्हणून डोळ्याला ते तितकेसे जाणवत नसे; तरी लहान आकारात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत. ५के पडद्यावर त्याच अक्षराला चोवीस रांगा मिळाल्या. इंग्रजी पत्रे आणि आकडेमोड एवढेच काम असलेल्या ग्राहकाला साधा पडदा पुरेसा होता, हे मान्य करावे लागेल. जोडाक्षरांची मुद्रिते तपासणाऱ्याचा हिशेब निराळा होता.

२२/
जुना सौदा दुसऱ्या बाजूनेही परतला होता. साधा आयमॅक दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून वापरता येई. ५के आयमॅकने ती सोय गमावली, कारण एवढे बिंदू सेकंदाला साठ वेळा वाहून आणण्याइतकी रुंद वाट त्या वेळच्या एका तारेत नव्हती. आत, पडदा आणि संगणक यांच्यामध्ये, अ‍ॅपलला त्यासाठी स्वतःचा नियंत्रक घडवावा लागला. १९८१मध्ये जे मेमरीने अडवले, ते २०१४मध्ये तारेने अडवले.

२३/
ऑक्टोबर २०१५मध्ये सगळे २७ इंची आयमॅक ५के झाले, आणि आरंभीची किंमत पुन्हा १,७९९ डॉलरवर आली. वर्षभर थांबलेल्या ग्राहकाला साध्या पडद्याच्या किमतीत सूक्ष्म पडदा मिळाला. लहान, २१.५ इंची आयमॅकमध्ये मात्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचा साधा पडदा अ‍ॅपलने २०२१पर्यंत विक्रीस ठेवला होता.