पवित्र वाचन : ओठांपासून विश्रांतीपर्यंत

इटलीतील मोन्ते कासिनो येथील मठासाठी संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी नियमावली लिहिली, तिच्या ४८व्या प्रकरणात एक बारीकशी सूचना आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारचे जेवण आटोपल्यावर मठवासीयांनी आपापल्या बिछान्यावर मौन पाळून पडून राहावे. कोणास वाचावयाचे असेल तर त्याने इतरांस उपद्रव होणार नाही अशा बेताने वाचावे. आजच्या वाचकास ही सूचना चमत्कारिक वाटेल. पुस्तक वाचणाऱ्याचा शेजाऱ्यास उपद्रव तो कसला? परंतु ते वाचन डोळ्यांचे नव्हते, ओठांचे होते. दहा-बारा मठवासी एकाच दालनात वाचू लागले की त्यांची गुणगुण झोपू इच्छिणाऱ्यांच्या कानी पडणारच.

आपल्याला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. मराठीतील 'वाचणे' हे क्रियापद मुळात 'वच्' या बोलण्याच्या धातूपासूनच आलेले आहे. आमच्या वाड्यात दुपारी सर्वत्र निजानीज झाली की आजी खिडकीशी पोथी घेऊन बसे. तिचे वाचन म्हणजे एक अखंड पुटपुटणे असे. 'मनात वाचणे' ही निराळी विद्या आम्ही मुले शाळेत शिकलो आणि तिला काही काळ आजीपेक्षा शहाणे समजत राहिलो. असो.

युरोपातील ख्रिस्ती मठांत या ओठांवरच्या वाचनातून साधनेची एक पद्धत घडली. तिला लॅटिनमध्ये 'लेक्तिओ दिविना' म्हणतात. आपण 'पवित्र वाचन' म्हणू. बायबलातील थोडासा मजकूर घ्यावा, तो सावकाश उच्चारावा, त्यातील एखादे वचन मनात घोळवावे, त्यातून देवाशी बोलावे आणि अखेरीस बोलणेही थांबवून त्याच्या सान्निध्यात स्वस्थ राहावे, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. हे वर्णन ऐकावयास सोपे आहे. इतिहास मात्र सोपा नाही. कारण ही साधना पुन्हा पुन्हा मोडली, आणि मोडण्याची कारणे प्रत्येक वेळी निराळी होती.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात मिलानचे बिशप अँब्रोझ यांचे वर्णन केले आहे. अँब्रोझ वाचताना त्यांचे डोळे पानावरून फिरत, परंतु जीभ आणि आवाज स्तब्ध असत. ऑगस्टीन यांना याचे नवल वाटले, म्हणून प्राचीन काळी मूक वाचन कोणास ठाऊकच नव्हते, असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. ते खरे नाही. ग्रीक व रोमन लोक मनात वाचू शकत असत, हे विसाव्या शतकातील अभ्यासकांनी पुराव्यांनिशी दाखविले आहे. तेव्हा मठवासी मोठ्याने वाचीत ते अन्य रीत येत नव्हती म्हणून नव्हे. मुखाने घोळविलेला शब्द स्मरणात उतरतो, अशी त्यांची धारणा होती.

बेनेडिक्ट यांच्या त्याच प्रकरणातील आणखी एक शब्द लक्ष वेधून घेतो. वाचनासाठी त्यांनी 'वाकारे' हे क्रियापद योजिले आहे. त्याचा अर्थ 'रिकामे असणे', 'मोकळे असणे'. गंमत अशी, की आळस हा आत्म्याचा वैरी आहे, या आशयाच्या वाक्यानेच प्रकरणाचा आरंभ होतो. आणि पुढे लगेच, अमुक वेळ शेतात राबावे व अमुक वेळ वाचनासाठी 'रिकामे' असावे, असे सांगितले आहे. रिकामटेकडेपणा निराळा आणि हे रिकामेपण निराळे. लॅटिन बायबलात ४६व्या स्तोत्रातील शांत होण्याची आज्ञाही याच क्रियापदाने दिलेली आहे. वाचन आणि विश्रांती यांचा धागा असा एका शब्दात गुंफलेला होता. अर्थात बेनेडिक्ट हे व्यवहारी गृहस्थ होते. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकास एकेक ग्रंथ द्यावा, तो त्याने क्रमाने व संपूर्ण वाचावा, आणि कोणी वाचन सोडून गप्पा छाटत बसला आहे काय हे पाहण्यासाठी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी, अशीही तजवीज त्यांनी करून ठेविली.

ही परंपरा बेनेडिक्ट यांनी निर्माण केलेली नव्हती. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांकडून ती जॉन कासियन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेय येथे आणली होती. कासियन यांच्या दहाव्या संवादात आयझॅक नावाचे वृद्ध तपस्वी एकच उपाय सांगतात : स्तोत्रसंहितेतील देवाला साहाय्यार्थ हाक मारणारे एक छोटेसे वचन उठता-बसता, काम करताना, झोपी जाताना म्हणत राहावे. नामस्मरण ज्यांच्या घरात आहे त्यांना याचे मर्म कळेल.

मठांतील लोक या घोळविण्याला 'रवंथ' म्हणत. मोझेसच्या नियमशास्त्रात रवंथ करणारे प्राणी शुद्ध मानले आहेत. त्यावरून हा दृष्टान्त निघाला. फ्रेंच बेनेडिक्टाइन विद्वान जाँ लक्लेर्क यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे सुरेख तपशील दिले आहेत. दहाव्या शतकातील गोर्झ येथील मठवासी जॉन स्तोत्रे म्हणताना मधमाशीसारखे गुणगुणत असत. बाराव्या शतकातील क्लुनी मठाचे प्रमुख पीटर यांना एकदा सर्दी झाली आणि आवाज गेला, तेव्हा त्यांचे पवित्र वाचनही बंद पडले. घसा बसला म्हणून वाचन थांबले! ही एक गोष्ट त्या काळच्या वाचनाविषयी पानभर विवेचनापेक्षा अधिक सांगून जाते.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या साधनेला तिचा शास्त्रकार लाभला. आल्प्स पर्वतातील ग्रांद शार्त्रूझ या कार्थुजियन मठाचे नववे प्रमुख दुसरे गीगो यांनी गेर्व्हास नावाच्या आपल्या स्नेह्यास एक दीर्घ पत्र लिहिले. एके दिवशी अंगमेहनतीचे काम करीत असता आपल्या मनात चार पायऱ्या आल्या, असे ते सांगतात : वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेने त्याची रुची लागते आणि दर्शन म्हणजे ती गोडीच होय. हे पत्र पुढे इतके लोकप्रिय झाले की कधी ऑगस्टीन तर कधी बर्नार्ड यांच्या नावावर ते खपत राहिले. खुद्द गीगो बाजूला पडले.

आपल्याकडील वाचकाला येथे श्रवण, मनन व निदिध्यासन यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बृहदारण्यकातील हा क्रम गीगोंच्या शिडीशी पुष्कळसा जुळतो, आणि दोहोंचा परस्परांशी काही संबंध नसता जुळतो, हे विशेष. परंतु एक भेद विसरता कामा नये. गीगो मनन आणि दर्शन यांच्या मध्ये प्रार्थनेची पायरी घालतात. मननाने मनुष्याला काय हवे ते कळते, मिळत मात्र नाही. म्हणून त्याने याचना करावयाची. अखेरची पायरी चढणाऱ्याच्या हाती नाही, ती देणाऱ्याच्या मर्जीची आहे. हा ज्ञानमार्गाचा सूर नव्हे. आपल्याकडे त्याचे नाते जोडावयाचे तर ते वारकऱ्यांच्या करुणापर वाणीशी जोडावे लागेल.

शिडी लिहिली गेली तो काळच ती मोडण्याचा होता. पॅरिसमध्ये विद्यापीठ आकारास येत होते आणि बायबलाकडे वादाचा व सिद्धान्ताचा ग्रंथ म्हणून पाहिले जाऊ लागले होते. तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँगटन यांनी आज रूढ असलेले अध्याय पाडले. त्याच शतकात पॅरिसच्या डोमिनिकन पंडितांनी बायबलाची शब्दसूची तयार केली. १५५१ साली मुद्रक रोबेर एस्तियेन यांनी नव्या कराराच्या वचनांना क्रमांक दिले. या सोयींचा उपकार कोण नाकारील? मीही बायबल उघडतो ते क्रमांक पाहूनच. पण शब्दसूची हाती आली की संपूर्ण ग्रंथ जिभेवर असण्याचे कारण उरत नाही.

दुसरा घाव भीतीने घातला. १५५९ साली स्पेनच्या इन्क्विझिशनचे प्रमुख फेर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतील अनेक भक्तिपर पुस्तके लोकांच्या हातून काढून घेतली गेली. आव्हिला येथील संत तेरेसा यांना लॅटिन येत नव्हते. कित्येक वर्षे पुस्तक जवळ असल्याखेरीज प्रार्थनेस बसण्याचा धीर आपल्याला होत नसे, असे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ती पुस्तके गेल्याचे दुःख त्यांना फार झाले. त्या दुःखात देवाने जिवंत ग्रंथ देण्याचे आश्वासन दिल्याचा अनुभव त्या सांगतात. पुढे विश्रांतीचाच संशय घेतला जाऊ लागला. मिगेल दे मोलिनोस यांनी रोममध्ये १६७५ साली आत्म्याच्या निःशब्द शांततेचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. १६८७ साली त्यांची मते धिक्कारली गेली आणि ते १६९६ साली कैदेतच वारले. फ्रान्समध्ये सामान्य जनांना सावकाश वाचून शांत राहण्याची रीत शिकविणाऱ्या मादाम ग्युयाँ या विधवेस बास्तीय तुरुंग पाहावा लागला. मोलिनोस यांच्या शिकवणुकीत धोका नव्हता असे नाही. सर्व कर्तव्ये सोडून नुसते निश्चेष्ट बसण्याला ती निमित्त पुरवीत होती. परंतु त्यांच्या बरोबर निर्दोष शांतताही बराच काळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

याच कालखंडात या वाचनाला मराठीत एक अनपेक्षित घर मिळाले. इंग्लंडात जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. जेझुइटांच्या साधनेत बायबलातील प्रसंग डोळ्यांसमोर उभा करून, त्यातील माणसांचे बोलणे ऐकून ध्यान करण्याचा परिपाठ असे. स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठी भाषेची स्तुती आपल्या सर्वांना पाठ असते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पहिल्या अवस्वरातील प्रसंग. साष्टीत धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की पूर्वीची पुराणे तर आपण बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही पुराण का देत नाही? मागणी प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाची नाही, पुराणाची आहे. जे गेले ते नुसते कथानक नव्हते. एकत्र बसून ऐकण्याची व घोळविण्याची सवय गेली होती. स्टीफन्स यांनी ते ओळखले आणि १०,९६२ ओव्या रचल्या. रविवारी व सणाच्या दिवशी देवळांत त्या वाचल्या जात. ज्या सत्तेने आधीच्या पोथ्या हिरावल्या तिच्याच छायेत ही पोथी जन्मली, हे सत्य गोव्यातील मराठी वाचकाने नजरेआड करू नये. तसेच त्यासाठी स्टीफन्स यांच्या ओवीचा गोडवाही नाकारू नये.

१६४९ व १६५४ साली तिच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांचा हुकूम निघाला : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत उपलब्ध नाही. पुराण राहिले ते हस्तलिखितांत आणि मुखांत; विशेषतः गोवा सोडून कानडा मुलखात स्थायिक झालेल्या कोंकणी ख्रिस्ती घराण्यांत. ही घराणी इन्क्विझिशनच्या भयाने, दुष्काळामुळे आणि, आपण हेही मान्य केले पाहिजे, मराठ्यांच्या स्वाऱ्यांमुळे देशोधडीस लागली होती. १७८४ साली टिपू सुलतानाने त्यांतील हजारोंना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले. तेथे १७९९ पर्यंत या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे त्यांची परंपरा सांगते. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे हे पुराण पुन्हा छापले. देवनागरी आवृत्तीस, शांताराम बंडेलू यांच्या हातून, १९५६ साल उजाडावे लागले.

मात्र गुणगुणणे म्हणजेच साधना, असे मानण्याचा मोह आवरला पाहिजे. तो आवरावयास पंडिता रमाबाईंपेक्षा अधिक अधिकारी व्यक्ती सापडणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचून उदरनिर्वाह करीत असे, आणि रमाबाईही त्या व्यवसायातच वाढल्या. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. पुराणिकाने उंच जागी बसून सुस्वर संस्कृत वाचावे, लोकांनी येऊन ऐकावे, फुले व दक्षिणा ठेवावी. अर्थ बहुधा कोणी सांगत नसे आणि विचारीतही नसे, कारण नुसत्या श्रवणाने पुण्य लागते अशी श्रद्धा होती. ज्या ओठांनी हे वाचन केले, त्यांनाच पुढे अर्थावाचून चैन पडेना. केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते सामान्य बायकांना वाचून कळावे अशा साध्या भाषेत. संस्कृत शब्दांवर त्यांचे असाधारण प्रभुत्व होते. तेच शब्द त्यांनी जाणूनबुजून दूर ठेविले, आणि त्यामुळे ते भाषांतर काही ठिकाणी खडबडीत झाले आहे. गीगोंची पहिली पायरी किती रुंद असावी, याचे हे त्यांचे उत्तर होते.

रोमन चर्चनेही उशिरा का होईना त्या दिशेने पाऊल टाकले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांनी बायबल वाचावे आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी, असा आग्रह धरला. तेव्हापासून गीगोंचे पत्र मठांबाहेरही वाचले जाऊ लागले.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावहून प्रसिद्ध झाले. त्या छापखान्याचे काम सदनातील स्त्रियांनीच केले होते.